साक्ष की चहाडी?

दिवाळीच्या अंकात कारखान्यातल्या एका पेटीवरून वाद घालावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. फराळाचे ताट पुढ्यात असावे, हाती अंक असावा आणि अंकात एखादी गोष्ट, थोडा प्रवास, चार विनोद असावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या घरांत हा अंक वाचला जाईल, त्यांतल्या पुष्कळ घरांतला एक तरी माणूस भोसरीच्या, सातपूरच्या, वाळूजच्या, शिरोलीच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात यंत्रापाशी पाळी करून घरी आलेला असेल. हा वाद त्याच्याविषयी आहे. तेव्हा चकली खाली ठेवण्याचे कारण नाही; खाता खाता वाचावे, आणि पटले नाही तर खुशाल भांडावे.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. यंत्राला झेंडूची माळ पडते, आणि त्याच्या शेजारच्या करड्या लोखंडी कपाटालाही हळदकुंकवाचे बोट लागते. त्या कपाटात वीतभर लांबीचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याचे पूर्ण नाव प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. कारखान्यात सगळे त्याला पीएलसी म्हणतात. यंत्राचा कारभार हा ठोकळा पाहतो. सेन्सरकडून खबर घ्यावयाची, आत लिहून ठेवलेला नियम तिला लावावयाचा, आणि मोटारीला, हीटरला, व्हॉल्व्हला हुकूम सोडावयाचा. पुन्हा खबर, पुन्हा नियम, पुन्हा हुकूम. सेकंदाला कितीतरी वेळा हे रहाटगाडगे फिरते. यंत्र किती तापले, किती नग पडले, ते केव्हा थांबले, पुन्हा केव्हा सुरू झाले, हे सारे या ठोकळ्याला ठाऊक असते.

आजवर हे ज्ञान बहुतांशी त्या कपाटातच राहत असे. आता ठोकळ्याला एक तार जोडतात. तारेच्या दुसऱ्या टोकाला गेटवे नावाची छोटी पेटी असते. ती दर काही सेकंदांनी आकडे विचारून घेते आणि दूरच्या कुठल्याशा संगणकात साठवून ठेवते. तेथून ते मालकाच्या मोबाइलवर हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत उमटतात. ही जोडणी विकणारे गृहस्थ मोठ्या उत्साहाने सांगतात की, आता यंत्राला वाचा फुटली. फुटली असेल. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वाचा फुटलेले हे यंत्र कोणाच्या कानात बोलते?

मी शाळामास्तर आहे. साक्ष आणि चहाडी यांतला भेद मला पुस्तकांतून शिकावा लागलेला नाही. एक मुलगा मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत येतो आणि दुसऱ्याविषयी कानात सांगून जातो. दुसरा मुलगा भर वर्गात उभा राहतो, ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याच्यादेखत बोलतो, आणि त्याने उलट विचारले तर उत्तर देतो. दोघांनी सांगितलेला मजकूर एकच असू शकेल. अगदी खराही असू शकेल. तरी पहिल्याने केली ती चहाडी आणि दुसऱ्याने दिली ती साक्ष. साक्षीची लक्षणे तीन. ती उघड असते. तिला उलटतपासणी असते. आणि साक्षीदार स्वतः निकाल देत नाही, की शिक्षा अमलात आणीत नाही. पीएलसीला डेटा गोळा करणाऱ्या यंत्रणेशी जोडण्याचे जे काम आज औद्योगिक वसाहतींतून चालले आहे, त्यात बहुधा ही तिन्ही लक्षणे गाळून टाकलेली असतात, असा माझा आरोप आहे. एक उत्तम साक्षीदार आपण आपल्या हातांनी चहाडखोर करून ठेवीत आहोत.

या ठोकळ्याचा जन्म कसा झाला हे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिकच टोचते. पूर्वी मोटारीच्या कारखान्यांत यंत्रांचे नियंत्रण रिले नावाच्या विजेच्या खटक्यांवर चाले. एकेका पॅनेलात असे खटके शेकड्यांनी असत. मोटारीचे मॉडेल बदलले की तारांचे ते जंजाळ उपसून पुन्हा जोडावे लागे, आणि त्यात दिवसचे दिवस जात. १९६८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या कटकटीवर उपाय मागितला. डिक मॉर्ली आणि त्याचे सहकारी यांनी घडवलेला ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक त्याच सुमारास, १९६९ साली, पुढे आला. त्याला नियम सांगण्याची रीत शिडीच्या आकृतीची होती: दोन बाजूंना दोन उभे खांब, मध्ये पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक नियम. ही आकृती रिलेच्या जोडणीच्या नकाशासारखी दिसे, आणि ते मुद्दाम केलेले होते. कारखान्यातल्या वायरमनला नवे काही न शिकता ती वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. ही शिडी आजही वापरात आहे. म्हणजे या ठोकळ्याची पहिली भाषाच यंत्राजवळच्या माणसाला कळेल अशी बेतली होती. अर्धशतक उलटल्यावर आपण त्याला नवी भाषा शिकवली, आणि ती त्याच माणसाच्या कानी पडणार नाही अशी व्यवस्था केली!

आधी उलटतपासणीचे घेऊ; कारण तिच्यावाचून काय अनर्थ होतो हे दाखवणे सर्वांत सोपे आहे. पीएलसीच्या पोटात आकडे खणांत ठेवलेले असतात. खणाला रजिस्टर म्हणतात. ते वाचण्याची जी रीत आजही पुष्कळ ठिकाणी चालते तिचे नाव मॉडबस. मॉडिकॉननेच ती १९७९ साली काढली. गेटवेने विचारावयाचे, ‘अमुक खणात काय आहे?’ आणि ठोकळ्याने सांगावयाचे, ‘७४२.’ बस्स. कशाचे ७४२? अंश की लिटर? पुरते ७४२, की दशांशचिन्ह गाळून लिहिलेले ७४.२? ठोकळा हे सांगत नाही. एका खणात ० पासून ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. उणे संख्या त्यात बसवण्याचा एक संकेत आहे. जोडणाऱ्याने तो ध्यानी घेतला नाही, तर आइस्क्रीमच्या शीतगृहातले उणे २० अंश पडद्यावर ६५,५१६ म्हणून झळकतात. मोठा आकडा दोन खणांत विभागून ठेवतात. त्या खणांची उलटापालट झाली, तर १ नगाचे ६५,५३६ नग होतात. इतका ढळढळीत घोटाळा निदान डोळ्यांत भरतो. ७४.२ च्या जागी ७२.४ दाखवणारा बिघडलेला सेन्सर कुणाच्या डोळ्यांत भरणार? आमच्या वर्गात मुलाने एकक न लिहिता नुसता आकडा लिहिला तर आम्ही गुण कापतो. पडद्यावरच्या आकड्याला मात्र मोठमोठी शिकलेली माणसे पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळी होतात.

मग आकड्याचा अर्थ असतो कोठे? थोडा पॅनेल करणाऱ्याच्या वहीत असतो, आणि उरलेला सारा यंत्रापाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या डोक्यात. हा सेन्सर पावसाळ्यात भरकटतो. ही मोटार पहिली दहा मिनिटे जास्त वीज ओढते, मग ठिकाणावर येते. तो व्हॉल्व्ह ‘बंद’ म्हणतो तेव्हाही थोडा उघडाच असतो. हे त्याला ठाऊक असते. तार जोडावयाला अर्धा दिवस पुरतो. हा अर्थ गोळा करावयाला महिना लागतो, आणि तो महिना ऑपरेटरशेजारी स्टूल टाकून, चहा पीत, त्याचे ऐकत काढावा लागतो. कोटेशनमध्ये तारेचे पैसे असतात, पेटीचे असतात, पडद्याचे असतात. या महिन्याचे नसतात. आता नव्या पद्धतीही निघाल्या आहेत. २००८ साली आलेल्या ओपीसी यूए या पद्धतीत आकड्याबरोबर तो कधीचा आहे आणि विश्वासार्ह आहे की नाही हेही पाठवता येते; नाव आणि एकक यांनाही जागा आहे. परंतु नावाचा आणि एककाचा रकाना शेवटी माणसानेच भरावयाचा असतो. तो रिकामा ठेवला, तर नव्या पद्धतीचा साक्षीदारही अर्धे बोलून गप्प बसतो.

अर्धे बोलणे किती घातक, याचे एक उदाहरण सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी नायलॉनचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात रात्रपाळीला आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. यंत्र दर ४० सेकंदांनी एक शॉट मारते. एका शॉटमध्ये चार नग पडतात. गेल्या जुलैत, ऐन पावसात, त्याला नगांवर चंदेरी रेघा दिसू लागल्या. नायलॉनचे दाणे हवेतला ओलावा शोषून घेतात. ते वाळवल्याशिवाय यंत्रात घातले की अशा रेघा उमटतात आणि भाग कच्चा राहतो. पोराने यंत्र थांबवले, हॉपर रिकामा केला, नळीत अडकलेला माल काढून टाकला, वाळवलेल्या दाण्यांचे पोते शोधून आणले आणि यंत्र पुन्हा लावले. या खटपटीत ५२ मिनिटे गेली. यंत्र तसेच चालू ठेवले असते, तर तेवढ्या वेळात ७८ शॉट, म्हणजे ३१२ नग भंगारात गेले असते. शेजारच्या यंत्रावरही त्याच पोत्यातले ओले दाणे होते. तेथल्या गड्याने रेघा पाहिल्या नाहीत, किंवा पाहून सोडून दिल्या. त्याचे यंत्र रात्रभर चालले.

सकाळी पडदा काय म्हणाला? या पोराचे यंत्र ५२ मिनिटे लाल. शेजारचे यंत्र रात्रभर हिरवे. आठवड्याच्या बैठकीत लाल यंत्रांची यादी वाचण्यात आली आणि त्याचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. शेजारच्या यंत्राचा माल दोन दिवसांनी तपासणीत नापास झाला. पण तोवर त्या रात्रीचा हिरवा रंग नोंदला जाऊन चुकला होता. पोराने सुपरवायझरला सांगून पाहिले. सुपरवायझर म्हणाला, ‘अरे, मला कळतंय, पण सिस्टीममध्ये लाल आहे ना!’

पीएलसी येथे एक अक्षरही खोटे बोललेला नाही. यंत्र थांबले होते हे खरे, ५२ मिनिटे थांबले होते हेही खरे. तो ‘का’ सांगू शकला नाही, कारण ‘का’ त्याच्या कुठल्याही खणात नसते. आजकाल यंत्राची किंमत ओईई नावाच्या एका गुणाकाराने करतात. तीन अपूर्णांक घ्यावयाचे: यंत्र ठरल्या वेळेपैकी किती वेळ चालले, ठरल्या वेगाच्या तुलनेत किती वेगाने चालले, आणि पडलेल्या मालापैकी चांगला किती. हिशेब सुरेख आहे. मी तो आठवीच्या मुलांना आनंदाने शिकवीन. पण पहिले दोन अपूर्णांक तारेतून आपोआप येतात, आणि तिसरा पुष्कळ ठिकाणी माणसाने भरावा लागतो. तो कुणी भरला नाही, तर यंत्रणा तेथे १ धरून चालते, म्हणजे सगळा माल चांगला! मग पडदा उघडूनही खोटे बोलू लागतो, आणि ज्याने माल वाचवला तो गुन्हेगार ठरतो.

आता उघडपणाचे. जपानातल्या टोयोटा कंपनीच्या कारखान्यांत अँडॉन नावाचा फलक असतो. तो कामगारांच्या डोक्यावर, सर्वांना दिसेल असा टांगलेला असतो. कामगाराला काही बिघडलेले दिसले की तो दोरी ओढतो. फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, आणि त्याचा प्रमुख धावत मदतीला येतो. अडचण लगेच निवारली नाही तर सगळी ओळ थांबते. थांबवणे हा तेथे दोष मानीत नाहीत. ते त्याचे कामच आहे. या विचाराचे मूळ साकिची टोयोदा याच्या मागात आहे. १९२४ सालचा त्याचा स्वयंचलित माग धागा तुटताच आपण होऊन थांबे, म्हणजे वाईट कापड विणलेच जात नसे. इचलकरंजीच्या आणि मालेगावच्या वाचकांना या थांबण्याची किंमत मी सांगावयाची गरज नाही. तोच आकडा, तोच दिवा. पण फलक डोक्यावर टांगला की ती साक्ष होते, आणि फक्त मालकाच्या खिशात गेला की चहाडी.

एवढ्या दूर जावयाचे नसेल तर आपल्या गावच्या चावडीत जावे. जमिनीच्या नोंदी तलाठ्याकडे असतात. तलाठी म्हणा की आजच्या नावाने ग्राम महसूल अधिकारी म्हणा. तेथला कारभार काही देवाघरचा नाही. परंतु फेरफार धरला की त्याची नोटीस निघते, ती चावडीवर लागते, संबंधितांना हरकत घेता येते, आणि सातबाऱ्याचा उतारा ज्याचा त्याला मिळतो. चार गुंठ्यांच्या नोंदीविषयी आपण इतकी काळजी घेतो. मग माणसाच्या आठ तासांच्या कामाची नोंद दर सेकंदाला होत असताना, त्याला उतारा नाही, नोटीस नाही, हरकतीचा रकाना नाही, हे आपण कसे चालवून घेतो?

याला आपल्याकडे इतिहासही आहे. मुंबईच्या गिरण्यांत हजेरीचा कारभार मुकादमाच्या हाती असे, आणि त्यातून त्याच्या हाती केवढी सत्ता आली हे गिरणगावात पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवारची सुटी मिळावयाला १८९० साल उजाडले. दुपारचा तो अर्धा तास आज पडद्यावर ‘यंत्र बंद’ म्हणून लाल दिसू नये, यासाठी कुणीतरी एक रकाना आखावा लागतो. तो आखला गेला आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार कामगाराला नाही. मुकादमाशी निदान भांडता तरी येत असे.

तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्यात इन्सेन्टिव्हच नव्हे, जीवही गुंतलेला आहे. साक्षीदाराच्या हाती दोर असता कामा नये. मॉडबसमध्ये खण वाचण्याची एक आज्ञा ३ क्रमांकाची आणि खणात लिहिण्याची एक ६ क्रमांकाची. दोन्ही एकाच तारेवरून, एकाच दारातून जातात. आणि मूळ मॉडबसच्या दारावर ‘कोण आहे?’ असे विचारणारा कुणीही नाही. १९७९ साली त्याची गरज नव्हती. तार कारखान्याच्या भिंतीबाहेर जातच नसे. घरातल्या घरात कोण कडी लावतो? आज तीच तार जगाला जोडली जाते. जे दार आकडे पाहण्यासाठी उघडले, त्याच दारातून कुणी आत येऊन हीटर चढवील, मोटार थांबवील, व्हॉल्व्ह उघडील, ही शंका जोडताना किती जणांच्या मनात येते?

ही कादंबरीकाराची कल्पना आहे असे कुणी म्हणू नये. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ अलिक्विपा नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथल्या पाणीपुरवठ्याच्या एका पंपकेंद्रातला पीएलसी परक्या देशातल्या टोळीने ताब्यात घेतला. गजर वाजला, माणसे धावली, आणि त्यांनी ती यंत्रणा बंद करून कारभार हाताने चालवला. अशा हल्ल्यांविषयी अमेरिकी सरकारच्या संस्थांनी जो इशारा काढला, त्यात हे नियंत्रक इंटरनेटवर उघडे असल्याचे आणि त्यांचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड ‘११११’ असल्याचे म्हटले होते. आपण सायकलच्या आकडी कुलपालासुद्धा चार एकांहून बरा आकडा लावतो!

दुसरे उदाहरण याहून भयंकर आहे. २०१० साली स्टक्सनेट नावाचा विषाणू उघडकीस आला. इराणमधल्या नतान्झ येथे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे होती. त्यांच्या पीएलसीत शिरून त्याने यंत्रांचा वेग बिघडवला. तो बिघडवीत असताना नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर मात्र सारे सुरळीत असल्याचे आकडे जात होते. यंत्रे मोडत होती आणि पडदा हिरवा होता. ज्यांनी निव्वळ पडद्यावर भिस्त ठेवली, त्यांना साक्षीदार फितूर झाल्याचा पत्ताच लागला नाही. यंत्रापाशी कान देऊन उभा राहणारा माणूस कशासाठी हवा, हे सांगावयाला याहून मोठे उदाहरण मजजवळ नाही.

यावर उपाय नाहीत काय? आहेत, आणि ते फार महागही नाहीत. यंत्रांचे जाळे कचेरीच्या जाळ्यापासून वेगळे ठेवता येते. गेटवेला फक्त वाचण्याचीच मुभा ठेवून लिहिण्याची आज्ञा मध्येच अडवता येते. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर दुरून देखरेख करण्यासाठी एमक्यूटीटी ही पद्धत काढली. तिच्यात गेटवे आपण होऊन खबर बाहेर पोचवतो. बाहेरच्या कुणाला आत येण्यासाठी दार उघडे ठेवावे लागत नाही. त्याहून कडक बंदोबस्त हवा असेल तर एका टोकाला नुसता प्रकाश पाठवणारा आणि दुसऱ्या टोकाला नुसता घेणारा असा काचतंतूचा दुवा मिळतो. त्यातून उलट दिशेने काही जाऊच शकत नाही. साधने आहेत. ती वापरण्याची निकड तेव्हाच वाटते, जेव्हा यंत्राशेजारी उभा असलेला माणूस जोडणाऱ्याच्या हिशेबात असतो.

मालकवर्ग यावर काय म्हणेल हे मला ठाऊक आहे. यंत्र आमचे, तार आमची, मग आकडा आमचा. यंत्र तुमचे खरेच. परंतु त्या आकड्यात यंत्राबरोबर माणसाचेही काम मोजलेले आहे. तो केव्हा थांबला, केव्हा हलला, हे त्यात आहे. ज्या नोंदीवरून माणसाचा पगार कापला जातो, ती नोंद त्या माणसाला न दाखवणे हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप असा की, ऑपरेटरला आलेखातले काय कळणार? हे ऐकले की मला राग येतो. बेअरिंग जाणार हे जो नुसत्या आवाजावरून ओळखतो, त्याला चढती रेघ आणि उतरती रेघ कळणार नाही? त्याच्या खिशातल्या मोबाइलवर तो क्रिकेटचे आलेख पाहतोच ना? कळत नाही असे म्हणावयाचे आणि दाखवावयाचे नाही, ही युक्ती फार जुनी आहे. अक्षरओळखीच्या बाबतीत ती या देशात शतकानुशतके वापरून झाली आहे.

तिसरा आक्षेप जरा वजनाचा आहे. कामगार तरी नेहमी खरे लिहितो काय? नाही लिहीत. पाळी संपता संपता बसून, आठ तासांचे आठ आकडे एकाच शाईने, एकाच हाताने आणि जवळजवळ एकाच किमतीचे भरलेले लॉगशीट ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटेल. म्हणून तर मला यंत्राची साक्ष हवी आहे. मी तार तोडा म्हणणाऱ्यांपैकी नाही. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना आपल्या धुराड्याची आणि सांडपाण्याची मोजणी चोवीस तास करून ती थेट मंडळांकडे पाठवण्याचा आदेश दिला. साखर कारखाने आणि मद्यार्काच्या आसवन्या त्यांत आल्या. नदीकाठच्या गावाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे! येथे आकडा मालकाविरुद्धही साक्ष देतो. अशा वेळी सेन्सर नीट लावला होता का, आकडा कुणी बदलला तर नाही ना, आम्हांला आमची बाजू मांडू द्या, असे मालकमंडळी हक्काने म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. तोच हक्क त्यांच्या ऑपरेटरला असू नये, याचे कारण मला कुणी समजावून द्यावे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पीएलसीमधून बाहेर जाणारा प्रत्येक आकडा आधी त्या यंत्राशेजारच्या फलकावर, ऑपरेटरला कळेल अशा मराठीत आणि एककासह दिसावा. मालकाच्या मोबाइलवर तो मागाहून जावो. प्रत्येक थांबण्यापुढे कारणाचा रकाना असावा, तो ऑपरेटरने भरावा, आणि तो भरल्यावाचून त्या थांबण्याला लाल रंग देऊ नये, की त्यावरून पैसा कापू नये. आणि जी तार वाचावयाला जोडली, तिच्यातून हुकूम जाणार नाही, याची लेखी हमी जोडणाऱ्याने द्यावी. यांपैकी एकही गोष्ट विज्ञानाला अवघड नाही. यांतली पहिली दोन कामे तर एक साधा पडदा आणि चार बटणे यांवर भागतात.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पूजतो. त्या वहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. एकाच बाजूच्या वहीला कुणी गंधफूल वाहत नाही, कारण तिच्यातून हिशेब लागत नाही. कारखान्यांतून आज जी नवी वही उघडली जात आहे, तिच्यात माणसाच्या नावे काय पडले तेवढेच लिहिले जाते. त्याच्या जमेला काय आहे, ती बाजू कोरी आहे. ती भरून घेण्यासाठी कुणीतरी मागितले पाहिजे. तेव्हा या चार दिवसांत, फराळाला घरची सगळी माणसे एकत्र बसतील तेव्हा, जो कारखान्यात जातो त्याला एवढेच विचारा, ‘तुझ्या यंत्राचा आकडा तुला दिसतो का?’ ‘नाही’ असे उत्तर आले, तर पाडवा आणि भाऊबीज उरकून तो कामावर जाईल तेव्हा त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी मिळून पहिली मागणी तीच करावी. बोनसाची बोलणी झाल्यावरही ती करता येते, आणि तिला पैसे फार पडत नाहीत.